गावात आरोग्याचं काम करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी राष्ट्रीय सेवा योजनेची, म्हणजे एनएसएसची, नवी तुकडी आली की तेच प्रश्न पुन्हा येतात. काही मुलं विचारतात, काही जणांना विचारायचा संकोच वाटतो. एक कार्यक्रम अधिकारी म्हणून त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो आहे. आमचं काम मराठवाड्यातल्या गावांमध्ये चालतं, त्यामुळे उदाहरणं तिथली आहेत. कोकणात किंवा खानदेशात काम करणाऱ्यांनी आपापल्या गावाप्रमाणे त्यात बदल करावेत.

आम्ही डॉक्टर नाही, नर्स नाही. कॉमर्सला आहोत. गावाच्या आरोग्याशी आमचा काय संबंध?

गावातलं बरंचसं आजारपण दवाखान्याच्या दारात पोहोचण्याआधी घरातच घडतं किंवा टळतं. जुलाब, डेंग्यू, रक्त कमी असणं, वाढलेला रक्तदाब, तंबाखू ही नावं घेतली की निम्म्या गावाची दुखणी सांगून होतात. यांतल्या प्रत्येक ठिकाणी घरच्या माणसाला एखादी साधी गोष्ट नीट माहीत असण्यानं फरक पडतो.

महाराष्ट्रात हे पूर्वीच सिद्ध झालेलं आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं, तेव्हा त्यांनी खेड्यातल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यांतल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच आरोग्यदूतांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. नवजात बालकांचे मृत्यू तिथे साठ टक्क्यांहून जास्त कमी झाले. तो अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि पुढे नवजात बाळाच्या घरभेटी देशभरातल्या आशांच्या, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकांच्या, कामाचा भाग झाल्या.

तुमचं काम याहून लहान आहे. सांगायचं, करून दाखवायचं, गरज पडली तर सोबत दवाखान्यात जायचं आणि पुन्हा त्याच घरी यायचं. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड आहे आणि सगळ्यात कमी केलं जातं. कॉमर्सच्या मुलाला ते जमतं, मेडिकलच्या मुलाला जमतंच असं नाही.

हे काम एनएसएसच्या तासांत धरतात का?

हो. योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली. स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास नियमित काम आणि सात दिवसांचं विशेष शिबिर करावं लागतं. आरोग्याचं काम दोन्हींत बसतं. आमचा आग्रह असतो की त्यातला मोठा भाग शिबिराच्या बाहेर, वर्षभर विखुरलेला असावा. कारण पुढे येईलच.

सुरुवात कुठून करायची? सरपंचांना भेटायचं का?

सरपंचांना भेटा, पण पहिली भेट आशाताईंची. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा असते. कोणाच्या घरात गरोदर बाई आहे, कोणाचं बाळ वजनानं कमी आहे, कोण टीबीच्या गोळ्या अर्ध्यावर सोडून बसलंय, हे तिला तोंडपाठ असतं. तिला न विचारता तुम्ही घरोघरी फिरायला लागलात, तर तिची वर्षांची मेहनत तुम्ही ओलांडून गेलात असा अर्थ होतो. तो गावालाही दिसतो.

तिला एवढंच विचारायचं: “ताई, तुमच्या कामातलं कोणतं काम अडलंय? आम्ही काय उचलू?” उत्तर बहुतेक वेळा तुमच्या कल्पनेपेक्षा वेगळं येतं. एखादी म्हणेल, “माझं सगळं ऐकतात, पण वरच्या वस्तीवर जायला मला वेळच पुरत नाही.” मग तुमचं गाव म्हणजे ती वरची वस्ती.

त्यानंतर अंगणवाडीताई, उपकेंद्रातल्या सिस्टर आणि समुदाय आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक). गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. ती कागदावर असते तशी बैठकीत असतेच असं नाही. तिची बैठक लावायला सांगणं हेसुद्धा काम आहे.

शिबिर कधी घ्यावं?

बहुतेक महाविद्यालयांची शिबिरं डिसेंबर ते फेब्रुवारीत होतात, कारण परीक्षांच्या मध्ये तेवढीच जागा असते. पण बीडसारख्या जिल्ह्यात दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं. मागे म्हातारी माणसं आणि त्यांच्यावर सोपवलेली लहान मुलं. शिबिरात ‘मातांसाठी मार्गदर्शन’ ठेवलं तर ऐकायला आया नसतात.

यावर दोन उपाय आम्ही वापरतो. शिबिरात आजी-आजोबांवर आणि त्यांच्याकडे असलेल्या नातवंडांवर भर द्यायचा: रक्तदाब, मोतीबिंदू, मुलांचं लसीकरण, घरातलं पाणी. आणि जाणाऱ्या कुटुंबांसाठी दसऱ्याच्या आधी, टोळी निघण्यापूर्वी, एक फेरी करायची. त्या फेरीत जुलाबावरच्या ओआरएसच्या पुड्या, लसीकरणाचं कार्ड, गरोदर बाईचं माता-बाल संरक्षण कार्ड आणि चालू असलेल्या गोळ्या पेटीत बांधल्या आहेत का हे बघायचं. फडावर गेल्यावर तिथल्या आशेला दाखवायला तेच कार्ड लागतं.

‘स्वतःची काळजी स्वतः घ्या’ म्हणजे दवाखान्यात जाऊ नका असं सांगायचं का?

अजिबात नाही. हा गैरसमज जीवावर बेतू शकतो. स्वतःची काळजी घेण्यात दोन गोष्टी येतात: घरी काय करता येतं ते नीट करणं, आणि आता घरी थांबायचं नाही हे वेळेत ओळखणं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे.

ही लक्षणं प्रत्येक स्वयंसेवकाला झोपेतून उठवलं तरी सांगता आली पाहिजेत. जुलाब होणारं मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, पाणी प्यायला तयार नाही किंवा शौचातून रक्त पडतंय. बाळाला धाप लागलीय, श्वास घेताना छातीची खालची बाजू आत ओढली जातेय. गरोदर बाईला रक्तस्राव, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा तोंडावर सूज. तापासोबत पोटात खूप दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त. छातीत दाबल्यासारखं दुखून घाम येणं. तोंड वाकडं होणं, एका हातातली ताकद जाणं. यांपैकी काहीही दिसलं तर घरगुती उपाय बाजूला ठेवून १०८ ला फोन. गरोदर बाई आणि लहान बाळासाठी १०२ सुद्धा आहे.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर घाई नाही, पण थुंकी तपासून घ्यायलाच हवी. टीबीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत, आणि उपचार चालू असताना आहारासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. हे पुष्कळांना माहीत नसतं.

घरात गेल्यावर बोलायचं काय? आम्ही पत्रक वाचून दाखवतो, लोक ‘हो हो’ म्हणतात.

लोक ‘हो हो’ म्हणतात कारण तुम्ही लवकर जावं अशी त्यांची इच्छा असते. पत्रक पिशवीत राहू द्या.

आधी बसा. ओळख सांगा: कोणत्या गावचे, कोणाचे. मग एक साधा प्रश्न: “मावशी, पाणी कुठनं येतं?” या प्रश्नातून सगळं उलगडतं. नळाला पाणी किती दिवसांनी येतं, साठवतात कशात, माठात हात बुडवून तांब्या भरतात की दांड्याचं वगराळं आहे, प्यायला दिलेला तांब्या कुठे ठेवलाय. पाणी मागून प्या आणि ते कसं काढतात ते बघा. वगराळं नसेल तर “यात हात बुडतो, पोराच्या जुलाबाचं एक कारण इथंच आहे” एवढं सांगणं एका भेटीला पुरे. पुढच्या भेटीला वगराळं आलंय का बघायचं. आलं नसेल तर रागवायचं नाही, का आलं नाही ते विचारायचं.

एका भेटीत एकच गोष्ट. मुलांना हा नियम पटत नाही, कारण त्यांच्याकडे सांगायला खूप असतं.

गावाच्या पातळीवर पाण्याचा दुसरा धागा आहे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकानं पाण्यात टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, टाकायची आणि पाण्यात क्लोरीन आहे का हे बघणारी ओटी टेस्ट घ्यायची असते. ती टाकीजवळच्या नळावर नव्हे, शेवटच्या घराच्या नळावर घ्यायला सांगा. तिथे पाण्यात पिवळा रंग आला तर क्लोरीन टोकापर्यंत पोहोचलं. प्राथमिक आरोग्य केंद्राकडून गावाला पाण्यासाठी हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. आपल्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे हे शिबिराच्या पहिल्या दिवशी विचारा.

ओआरएस तर सगळ्यांना माहीत असतं. ते पुन्हा शिकवायची गरज आहे का?

नाव सगळ्यांना माहीत असतं. बनवायला सांगा आणि बघा. आमच्या मुलांना शिकवताना पहिल्या दिवशी हाच प्रयोग करतो: पुडी देतो, भांडी समोर ठेवतो आणि काही बोलत नाही. कोणी अर्धी पुडी पेल्यात टाकतं, कोणी पूर्ण पुडी तांब्यात. तांब्या एक लिटरचा नसतो. पाणी कमी पडलं की मिठाचं प्रमाण वाढतं आणि बाळाला अपाय होऊ शकतो.

म्हणून बाजारात मिळणारी पाण्याची एक लिटरची बाटली मापाला वापरा, ती आता प्रत्येक घरात सापडते. पूर्ण पुडी, पूर्ण एक लिटर पिण्याचं पाणी. मिसळल्यावर उकळायचं नाही. २४ तासांत संपलं नाही तर उरलेलं ओतून द्यायचं आणि नवं करायचं. प्रत्येक पातळ जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या बाळाला पाव ते अर्धा कप, मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप. चमच्याचमच्यानं पाजायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी हळू. अंगावरचं दूध बंद करायचं नाही, जेवणही तोडायचं नाही. “पोट रिकामं ठेवा” हा सल्ला आज्या हमखास देतात. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा मुगाची पातळ खिचडी चालेल का असं विचारा, त्यावर बहुतेक आज्या राजी होतात.

पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा सपाट म्हणजे बोट फिरवून सपाट केलेला. जुलाब लागलेल्या मुलाला सोबत झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्यायच्या असतात. त्या आशाताईकडे किंवा उपकेंद्रात मिळतात आणि जुलाब थांबले तरी १४ दिवस पुऱ्या करायच्या. दुकानात मिळणारी फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएस नव्हेत. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते वाचायला शिकवा.

या साध्या पाण्याची ताकद मुलांना सांगताना मला नेहमी १९७१ आठवतं. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोजच्या पुड्या बांधून घेतल्या आणि नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. पाजणारे डॉक्टर नव्हते, रोग्याजवळ बसलेली घरची माणसं होती.

डेंग्यूच्या सर्वेक्षणात आम्ही नक्की काय शोधायचं?

अळ्या. आणि त्यासाठी टॉर्च लागतो. रांजणात टॉर्चचा उजेड टाकला की वर लटकलेल्या अळ्या वळवळत तळाकडे जातात. घरच्या बाईला जवळ बोलावून ते दाखवा. “हे तुमच्या पाण्यातले किडे नाहीत, उद्याचे डास आहेत” हे डोळ्यांनी पाहिलं की पुढचं भाषण लागत नाही.

बाहेरची गटारं पाहून येऊ नका. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. शोधायच्या जागा घरातच असतात: फ्रिजच्या मागचा ट्रे, कूलर, मनी प्लँटची बाटली, पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाणी, गच्चीवरचे टायर, न्हाणीतला हौद, जनावरांचा हाळ. अंड्यातून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायचा. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या काठाला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही कित्येक महिने टिकतात, तेव्हा आतून घासायला हवं.

आता खरी अडचण. ज्या गावात नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, त्या गावात “हौद रिकामा करा” हे सांगायला जायचं कोणत्या तोंडानं? त्या पाण्यासाठी बाई पहाटे उठलेली असते. अशा घरात पाणी ओतायला सांगू नका. जुन्या सुती लुगड्याचं कापड दोरीनं घट्ट बांधायला मदत करा, नवं पाणी भरण्याआधी हौद घासायची आठवण करून द्या. मोठ्या हौदासाठी आरोग्यसेवकाकडून अळ्या खाणारे गप्पी मासे आणून द्या. अळीनाशक औषध टाकायचं असेल तर ते आरोग्यसेवकच टाकेल, तुम्ही नाही.

शंभर घरं पाहिली आणि वीस घरांत अळ्या मिळाल्या तर घर निर्देशांक २० झाला. पुढच्या महिन्यात पुन्हा तीच शंभर घरं बघायची. आकडा उतरला तर काम झालं, नाहीतर पद्धत बदला.

डेंग्यूच्या तापात घरी काय द्यायचं असं विचारतात. औषध सांगावं का?

तुम्ही कोणालाही, कोणतंही औषध द्यायचं नाही. फक्त एक इशारा द्यायचा: अंगदुखीवर दुकानातून अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनची गोळी आणून घेऊ नका, डेंग्यूत त्यानं रक्तस्रावाचा धोका वाढतो. भरपूर पातळ पदार्थ, विश्रांती, तपासणी.

मुलींमध्ये रक्त कमी असतं म्हणतात. त्यावर विद्यार्थी काय करू शकतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे तुमच्या तुकडीतल्या मुलींपैकीही निम्म्याजणी त्यात असू शकतात. गावाच्या आधी स्वतःपासून सुरुवात करा. तपासणी करून घ्या.

किशोरवयीन मुलींना शाळा-अंगणवाडीतून लोहाची निळी गोळी दर आठवड्याला मिळते. ती मिळते, पण घेतली जाते का हा प्रश्न आहे. मळमळतं, शौच काळी होते, कोणीतरी सांगतं की ही ‘पाळणा लांबवायची’ गोळी आहे, आणि गोळी खिडकीबाहेर जाते. मोठ्या ताईनं शेजारी बसून सांगितलं की काळी शौच होणं नेहमीचं आहे, गोळी जेवणानंतर घे, लगेच चहा पिऊ नकोस, लिंबू किंवा आवळा खा, तर मुलगी घेते. शिक्षकांचं न ऐकणारी मुलगी कॉलेजच्या ताईचं ऐकते. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

पण गोळी हा अर्धाच भाग. घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं हे विचारा. भाजीचं भांडं तोपर्यंत खरडलेलं असतं. हा विषय बायकांसमोर नाही, पुरुषांसमोर काढायचा, आणि तो मुलग्यांनी काढायचा.

विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या आदिवासी भागात काम असेल तर सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार लक्षात ठेवा. तिथे रक्त कमी असण्याचं कारण वेगळं असू शकतं आणि त्याची तपासणी वेगळी असते. सरसकट “पालक खा” असं सांगू नका.

पाळीच्या विषयावरच्या सत्राला मुलग्यांनी बसावं का?

गावातल्या बायकांच्या सत्राला नाही. तिथे मुलींनीच बोलावं, दार लोटून, सासू आणि सून शक्यतो वेगवेगळ्या गटांत. ‘बाजूला बसणं’ बंद करा असा हुकूम पहिल्याच दिवशी देऊ नका. त्या दिवसांत नीट जेवण मिळतं का, आंघोळीला आडोसा आहे का, कपडा कुठे वाळतो, हे विचारा. कपडा चुलीमागे, दुसऱ्या कपड्याखाली लपवून वाळवला जातो. साबणानं धुऊन उन्हात वाळवलेला सुती कपडा सुरक्षित असतो. पॅड घेणं परवडत नाही त्या बाईला अपराधी वाटेल असं काही बोलू नका.

फडावर तर न्हाणीसुद्धा नसते. अंगावरून जाणं, पोटात दुखणं सहन करत राहतात आणि शेवटी कोणीतरी पिशवी काढून टाकायचा सल्ला देतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. अशी बाई भेटली तर तिला सरकारी रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे सोबत घेऊन जा, दुसरं मत मिळू द्या.

मुलग्यांचं काम वेगळं आहे. आपल्या महाविद्यालयातल्या मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी, पाणी आणि झाकणाची बादली आहे का याचा पाठपुरावा त्यांनी करावा. आपल्या घरी बहिणीच्या बाबतीत काय चालतं ते बघावं.

आम्ही रक्तदाब आणि साखर तपासू शकतो का?

रक्तदाब, हो, आधी शिकून आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली. साखरेसाठी बोट टोचायचं काम तुमचं नाही.

रक्तदाब मोजणं सोपं वाटतं, म्हणूनच चुकतं. शेतातून चालत आलेल्या काकांना लगेच पट्टा बांधला तर आकडा चढाच येणार. पाच मिनिटं टेकून बसवा, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर. मोजताना त्यांनीही बोलायचं नाही, तुम्हीही नाही. अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झाली असेल तर नंतर बोलवा. दोनदा मोजा. १४०/९० किंवा त्याहून जास्त आला तर “तुम्हाला बीपी आहे” असं म्हणायचं नाही. “जरा जास्त आलाय, आरोग्य मंदिरात (उपकेंद्रात) जाऊन पुन्हा मोजून घ्या” असं सांगायचं आणि चिठ्ठीवर आकडा, तारीख, वेळ लिहून द्यायची.

ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांच्याकडे जास्त वेळ बसा. “आता बरं वाटतंय म्हणून बंद केल्या” हे वाक्य तुम्ही घरोघरी ऐकाल. बरं वाटतंय ते गोळीमुळे, हे समजावणं शंभर नव्या माणसांचा रक्तदाब मोजण्यापेक्षा मोलाचं आहे. मिठाबद्दल बोलताना लोणचं, पापड, खारातली मिरची, ठेचा यांची नावं घ्या. दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत म्हणजे सगळं धरून एक चहाचा चमचा.

आजी मिश्री लावते, दादा खर्रा खातो. त्यांना कसं सांगायचं?

कर्करोगाचे भीतिदायक फोटो दाखवून नाही. पुडीवर ते असतातच, आणि पुडी विकली जाते.

तोंड उघडून आपलीच तीन बोटं उभी आत जातात का हे करून बघायला सांगा. खर्रा, सुपारी, गुटखा खाणाऱ्या तरुणांना कित्येकदा दोनच जातात, आणि तो क्षण कोणत्याही फोटोपेक्षा जास्त बोलतो. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर दंतवैद्यांकडे पाठवा. आजीला मिश्री एकदम सोडायला लावू नका. सकाळची पहिली मिश्री तासभर पुढे ढकलता येईल का, इथून सुरू करा. नातवासमोर लावणार नाही एवढं तिनं मान्य केलं तरी एक पिढी वाचते.

राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि शाळा-महाविद्यालयाच्या १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला कायद्यानं मनाई आहे. आपल्याच गेटसमोरच्या टपरीपासून सुरुवात करा, लेखी अर्ज देऊन, प्राचार्यांच्या सहीनं. टपरीवाल्याशी भांडण करू नका, त्याचंही पोट आहे.

साप चावला की गाव मांत्रिकाकडे नेतं. आम्ही अडवायचं का?

वेळ वाया जाऊ द्यायचा नाही, हे एकच ध्येय ठेवा. श्रद्धेवर वाद घातलात तर तो वेळ वादात जाईल. “देवाला नारळ नंतर फोडू, आधी गाडी काढा” असं म्हणणारा माणूस गावातलाच हवा. तो आधी शोधून ठेवा. रात्री फोन उचलणारा गाडीवालाही.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. चौघांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. जखम कापायची नाही, चोखायची नाही, दोरी करकचून आवळायची नाही. अंगठी, कडं, पैंजण काढा, हात किंवा पाय फळीला बांधून हलू देऊ नका, चालवू नका. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो आणि खूण दिसतही नाही. पहाटे पोटात दुखून पापण्या जड झाल्या तर साप चावल्याची शंका घ्या. खाटेवर, मच्छरदाणी खोचून झोपणं हा यावरचा स्वस्त उपाय आहे आणि डासांवरचाही.

विंचवाबाबतही तेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, आणि पूर्वी हमखास दगावणारी मुलं वाचू लागली. उपचार आहे, तो मिळेपर्यंतचा वेळ आपल्या हातात आहे.

कोणी “जगण्यात राम राहिला नाही” असं बोललं तर?

विषय बदलू नका. “असं बोलू नये” असंही म्हणू नका. जवळ बसा, ऐका, सरळ विचारा की जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्यानं ते विचार वाढत नाहीत. हो म्हणाले तर त्यांना एकटं सोडू नका, घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला सांगा, फवारणीची औषधं कुलपात जातील असं बघा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. त्याच दिवशी कार्यक्रम अधिकाऱ्यांना कळवा. ही गोष्ट तुम्ही एकट्यानं खांद्यावर घ्यायची नाही.

फोटो काढायचे का?

रस्ता झाडताना काढा. माणूस तपासताना, बाळ पाजताना, रडताना नाही. कोणाच्या घरात कोणता आजार आहे हे स्टेटसवर नाही, तुकडीच्या ग्रुपवर नाही, आणि शेजारच्या घरात तर मुळीच नाही. टीबीच्या रुग्णाचं नाव एकदा फुटलं की त्या घराचा उंबरा तुमच्यासाठी कायमचा बंद, आणि त्याच्या मुलीचं लग्न मोडलं तर ते तुमच्यामुळे.

मग रॅली, पथनाट्य, प्रतिज्ञा हे सगळं सोडून द्यायचं?

सोडू नका, पण क्रम बदला. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हातात घ्यायचे. दिवसभर झाडून झालं की रात्री कीर्तन. आधी काम दिसायचं, मग ऐकायला गाव जमायचं. आपण पहिल्या दिवशी बॅनर लावून रॅली काढतो आणि शेवटच्या दिवशी समारोप करतो. रॅली पाचव्या-सहाव्या दिवशी काढा, तोपर्यंत घरांची ओळख झालेली असते, आणि पथनाट्यात गावातलीच बोली, गावातलीच उदाहरणं येतात. नावं मात्र बदलून.

आमच्या स्वतःच्या तब्येतीचं काय? घरचे नको म्हणतात.

घरच्यांचं बरोबर आहे, त्यांना नीट माहिती द्या आणि लेखी परवानगी घ्या. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई रुग्णांची सेवा करताना गेल्या. त्यांचं नाव घेऊन आज कोणी विद्यार्थ्याला धोक्यात ढकलू नये. तेव्हा हाताशी औषध नव्हतं, आज साधनं आहेत, ती वापरायची.

धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं. उपाशी फेरीला निघायचं नाही. उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार घरभेटी बंद. दोघादोघांनी जायचं, मुलींच्या जोडीला संध्याकाळनंतर फेरी नाही. ताप-खोकला असलेल्यानं त्या दिवशी स्वयंपाकाच्या गटातही जायचं नाही. शिबिराच्या स्वयंपाकघरातली पाण्याची टाकी पहिल्या दिवशी घासायची. गावाला पाणी शुद्ध ठेवा सांगणाऱ्या शिबिरातच जुलाबाची साथ आली तर कोणी ऐकणार नाही. आणि रात्रीच्या बैठकीत दिवसभर जे पाहिलं ते बोलून टाकायचं. कुपोषित बाळ पहिल्यांदा पाहिलेली मुलगी गप्प होते. तिला बोलतं करा.

सात दिवसांनी शिबिर संपतं. पुढे काय?

पंधरा ते वीस घरांमागे एक जोडी ठरवा आणि वर्षातून चार फेऱ्या लावा: मृगाच्या आधी पाण्यासाठी, श्रावण-भाद्रपदात डासांसाठी, दसऱ्याच्या आधी ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी, आणि शिबिरात वयस्कांसाठी. त्याच गावची मुलं महाविद्यालयात असतील तर प्रत्येक जोडीत एक गावचा आणि एक बाहेरचा असं ठेवा. घर बदलायचं नाही.

प्रत्येक घराला वहीत एक पान. वर तारीख, खाली मागच्या वेळी काय ठरलं होतं आणि या वेळी काय दिसलं. रोगांची नावं वहीत नकोत, ती आशाताईच्या नोंदीत असतात. वहीची एक प्रत आशाताईकडे, मूळ वही महाविद्यालयातल्या एनएसएसच्या कपाटात. तिसऱ्या वर्षाची मुलं परीक्षेला बसण्यापूर्वी पहिल्या वर्षाच्या मुलांना घेऊन एकदा त्या घरांतून फिरतात, “मावशी, आता ही येणार” अशी ओळख करून देतात, आणि वही तिथेच त्यांच्या हातात देतात. कपाटाची किल्ली कार्यालयात शिपाईमामांकडे असते.